एकाच उमेदवाराचं नाव मतपत्रिकेवर दोनदा का?

नवी मतदार: न्यूयॉर्कमध्ये पहिल्यांदाच मत देणार आहे. नमुना मतपत्रिकेत एकच नाव डेमोक्रॅटिक रांगेत आणि खाली वर्किंग फॅमिलीज या छोट्या पक्षाच्या रांगेतही दिसलं. खालच्या रांगेत मत दिलं तर ते वाया जातं का? आणि चुकून दोन्हीकडे खूण झाली तर?

क्वीन्सवाली ताई: अजिबात वाया जात नाही. दोन्ही रांगांची बेरीज उमेदवारालाच मिळते. मी मतदान केंद्रावर काम करते, दर वेळी कुणीतरी पेन हातात धरून हेच विचारतं. दोन्ही गोल रंगवले तरी मत बाद होत नाही, एकदाच मोजतात आणि आधी छापलेल्या पक्षाच्या खात्यात टाकतात. म्हणून छोट्या पक्षाला बळ द्यायचं असेल तर फक्त त्याचाच गोल रंगवा.

हे बळ कागदावरचं नाही. 1994 च्या न्यूयॉर्क गव्हर्नर निवडणुकीत नुसत्या रिपब्लिकन रांगेवर जॉर्ज पाटाकींची मतं तेव्हाचे गव्हर्नर मारिओ क्युओमोंच्या डेमोक्रॅटिक रांगेपेक्षा कमी होती. कॉन्झर्व्हेटिव्ह या छोट्या पक्षाच्या रांगेवरच्या 3 लाखांहून जास्त मतांनी त्यांना गव्हर्नर केलं. शिवाय 2020 च्या नियमानुसार गव्हर्नर आणि राष्ट्राध्यक्ष निवडणुकीत 1,30,000 किंवा 2 टक्के, यातली जी संख्या मोठी तेवढी मतं मिळाली नाहीत, तर मतपत्रिकेवरची पक्षाची हमखास रांगच जाते.

जर्सीकर: पण यात सौदेबाजी किती चालते! 1947 च्या विल्सन-पकुला कायद्यामुळे दुसऱ्या पक्षाच्या माणसाला उमेदवारी द्यायची की नाही, हे पक्षाचे पदाधिकारी ठरवतात. मतपत्रिकाही उगाच लांबते. आमच्याकडे न्यू जर्सीत एकाच उमेदवाराला दोन पक्षांनी उभं करण्यावर बंदीच आहे. मिनेसोटा राज्यातली अशीच बंदी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1997 मध्ये ग्राह्य धरली.

क्वीन्सवाली ताई: सौदेबाजी होते, हे खरंच. पण बंदी घातली की छोट्या पक्षापुढे दोनच वाटा उरतात, स्वतःचा उमेदवार उभा करून मतं फोडायची किंवा गप्प बसायचं. मला दोन्ही पटत नाहीत.

नवी मतदार: मग नाव एकदाच छापून पुढे दोन्ही पक्ष लिहिले तर?

क्वीन्सवाली ताई: ओरेगॉन राज्यात तसंच आहे, नावापुढे तीन पक्षांपर्यंत लिहिता येतात. मतपत्रिका सुटसुटीत होते, पण कुठल्या पक्षामुळे किती मतं आली हे कळायला मार्ग राहत नाही. निवडून आल्यावर छोट्या पक्षाने कशाच्या जोरावर जाब विचारायचा? म्हणून रांगा वेगळ्याच हव्यात, असं माझं ठाम मत आहे. फक्त "एकाच रांगेत खूण करा" ही सूचना मतपत्रिकेच्या डोक्यावर ठळक अक्षरांत छापावी.