विषय: कॅम्परमध्ये गटाराचा वास, कोणाला अनुभव आहे का?

प्रेषक: ताई, चँडलर

नमस्कार मंडळी,

आमच्या ट्रॅव्हल ट्रेलरमध्ये (गाडीमागे जोडून न्यायचं फिरतं घर) गटारासारखा वास येतोय आणि आता अगदी नको झालंय. आईबाबा पुण्याहून पहिल्यांदाच आलेत, पुढच्या आठवड्यात त्यांना घेऊन ग्रँड कॅन्यनच्या साउथ रिमला जायचंय, ट्रेलर व्हिलेजमध्ये फुल हुकअपवाली (पाणी, वीज आणि सीवर म्हणजे सांडपाण्याची लाइन जोडता येईल अशी) जागा मिळालीये, आणि आईला असल्या वासाने लगेच मळमळतं. ट्रेलर उन्हाळाभर स्टोरेज लॉटला उभा होता. ब्लॅक टँक (कमोडची घाण साठते तो) परत परत धुतला, दुकानातल्या माणसाने दिलेलं निळं केमिकल ओतलं, काही फरक नाही. प्रवास करून पोचलो आणि दार उघडलं की वास असतोच, आणि किचनच्या सिंकमधून पाणी गेलं की भपकन येतो. बाथरूममध्ये त्या मानाने कमी. टेक्निशियनची तारीख आम्ही परत आल्यानंतरची मिळतेय. कोणी काही सुचवाल का प्लीज?

प्रेषक: दादा, टूसॉन

ताई, बाकी सगळं नंतर, आधी गॅस आणि बॅटरी बघा. प्रोपेनमध्ये मुद्दाम वास घातलेला असतो, तो सडक्या अंड्यासारखाच येतो आणि पुष्कळांना गटाराचाच वाटतो. सिलेंडरचा व्हॉल्व्ह बंद करा, दारं-खिडक्या उघडा, आणि जोडांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघा. काडी-लायटर अजिबात नको. दुसरं म्हणजे जुनी लेड-ॲसिड बॅटरी ओव्हरचार्ज होत असेल तर तीही हायड्रोजन सल्फाइड सोडते, डिट्टो तोच वास. हात लावून बघा, गरम लागली किंवा फुगलेली दिसली तर चार्जर लगेच बंद करा, ती बॅटरी वापरायची नाही. आणि गॅसचा डिटेक्टर ओरडला तर तो उगाच ओरडतोय म्हणून वायर काढून ठेवू नका, बाहेर पडा आणि मग काय ते शोधा.

प्रेषक: काका, मेसा

दादा म्हणाला ते पहिलं करा ताई. गॅस आणि बॅटरी ठीक निघाली तर पुढचं वाचा, जरा लांबलंय.

केमिकल ओतणं थांबवा. टँकमध्ये घाण आहे म्हणजे टँकला वास येणारच, तो व्हेंटच्या पाइपने छपरावरून बाहेर जावा अशीच रचना असते. तुमच्याकडे तो आत येतोय म्हणजे त्याला कुठून तरी वाट मिळालीये, ती वाट बुजवायची. टँक कितीही चकाचक केला तरी वाट उघडी असेल तर चार दिवसांत परत तेच.

तुमच्या लिहिण्यावरून मला दोन जागांचा संशय येतो. पहिली म्हणजे ट्रॅप, सिंक आणि शॉवरखालचा तो वाकडा पाइप, त्यात थोडं पाणी कायम साचून राहायला हवं, तेच वासाला अडवतं. आपल्या ॲरिझोनाच्या उन्हाळ्यात लॉटवर उभ्या ट्रेलरमधलं ते पाणी उडून जातं, आणि उरलंसुरलं आय-१७ हायवेचा चढ चढताना हिंदकळून जातं. म्हणून पोचल्यावर वास. प्रत्येक सिंकमध्ये, शॉवरमध्ये मोठा पेलाभर पाणी ओता. वॉशिंग मशीनसाठी भिंतीत पाइप दिलेला असेल तर तिथेही ओता, तो कोणी वापरत नाही म्हणून कोणाच्या लक्षातच राहत नाही. स्टोरेजला ठेवताना ट्रॅपमध्ये ते कॅम्परसाठी मिळणारं गुलाबी आरव्ही अँटीफ्रीझ घालून ठेवा, पाण्यासारखं पटकन उडत नाही.

पण पाणी सोडल्यावर भपकन येतो म्हणालात ना, तो मला ट्रॅपचा वाटत नाही, दुसऱ्या जागेचा वाटतो. सिंकखालचं कपाट उघडा, सगळे डबे बाहेर काढा आणि टॉर्च मारा. ट्रॅपच्या मागे एक उभा तुकडा असेल, त्याच्या डोक्यावर काळी प्लास्टिकची टोपी. ती एअर व्हॉल्व्ह. पाणी खाली जाताना ती हवा आत घेते आणि मग मिटते, म्हणजे मिटायला हवी. आत स्प्रिंग आणि रबराची चकती असते, उन्हाने रबर कडक झालं की चकती नीट बसत नाही, आणि सिंकमधलं पाणी ग्रे टँकमध्ये (सिंक-शॉवरचं सांडपाणी साठतं तो) उतरलं की तेवढीच टँकमधली हवा तिथून कपाटात येते. हाताने फिरवून काढा, उलटी धरून चकती बोटाने दाबून सोडा, ती लगेच जागेवर आली नाही तर गेलीच म्हणून समजा. हार्डवेअरच्या दुकानात मिळते, बहुतेक दीड इंचाची असते, पण जुनी बरोबर घेऊन जा. आट्यांना टेफ्लॉन टेप लावा. थोडे पैसे जास्त गेले तरी स्प्रिंगशिवायची घ्या, वजनाने मिटणारी, ती टिकते.

नक्की कुठून येतोय ते कळत नसेल तर असं करा. खिडक्या सगळ्या बंद, छपरावरचा फॅन हवा बाहेर फेकायला लावायचा. आतला दाब कमी झाला की फट जिथे असेल तिथून वास आत ओढला जातो. मग एकेक ड्रेन, कमोडचा तळ, कपाटं हुंगत जा. एका ड्रेनवर क्लिंग रॅप लावून कडेने टेप मारा, वास थांबला तर तोच. एरवीसुद्धा फ्लश करताना बाथरूमचा फॅन बंद ठेवत जा, नाहीतर टँकमधली हवा सरळ बाऊलमधून वर येते.

कमोडच्या बाऊलमध्ये पाणी घालून ठेवा आणि तासाभराने बघा. उतरलं असेल तर बाऊलच्या तळाचं रबरी सील नीट बसत नाहीये. कडेला कागद किंवा पाण्यातल्या क्षाराची खर अडकलेली असते, जुन्या टूथब्रशने घासून काढा आणि सिलिकॉन ग्रीस लावा. व्हॅसलीन लावू नका, त्याने रबर फुगतं.

छप्पर शेवटी बघा आणि पहाटेच चढा. व्हेंटची टोपी काढून आत टॉर्च मारा. पाइप छपराच्या वर यायला हवा, कधी कधी खालीच संपलेला असतो आणि सगळा वास छताच्या पोकळीत शिरतो.

प्रेषक: वहिनी, गिल्बर्ट

काकांनी सगळं सांगितलंच आहे, मी ग्रे टँकचं सांगते कारण सगळे ब्लॅक टँकच्याच मागे लागतात. आपल्या स्वयंपाकाने ग्रे टँक फार लवकर वास मारतो. फोडणीचं तेल, तूप, वरणाचा गाळ, भाताची शितं, सगळं टँकच्या भिंतींना चिकटतं आणि उकाड्यात आंबतं. मी कढई आणि ताटं आधी पेपर टॉवेलने पुसून घेते, मगच पाण्याखाली धरते, आणि सिंकला बारीक जाळी लावलीये. ताई, ट्रेलर व्हिलेजला पोचलात की सीवरचा होज जोडून दोन्ही व्हॉल्व्ह उघडे टाकून बसू नका हं. ब्लॅकचा उघडा ठेवला की पातळ तेवढं वाहून जातं आणि घट्ट खाली साचून ढीग होतो, तो मग निघता निघत नाही. दोन-तृतीयांश भरू द्या, मग एकदम सोडा, आणि रिकामा झाला की त्यात परत बादलीभर पाणी घाला. ग्रेचा उघडा ठेवला तर कॅम्पग्राउंडच्या लाइनमधलाच वास उलटा वर येतो.

प्रेषक: ताई, चँडलर

सगळ्यांना मनापासून थँक्यू! गॅस आणि बॅटरी ठीक निघाली. एअर व्हॉल्व्हच होती काका, चकतीला आडवी चीर गेलेली, बोटाने दाबली तर तशीच आत राहिली. नवीन बसवली, सगळ्या ड्रेनमध्ये पाणी घातलं, रात्रभर बंद ठेवून सकाळी दार उघडलं तर वास नाही! आई आत जाऊन बसून बघून आली. पण एक अजून राहिलंय. शॉवरचं गरम पाणी सोडलं की अंड्यासारखा वास येतो, गार पाण्याला अजिबात नाही. हेही टँकचंच का?

प्रेषक: काका, मेसा

नाही, याचा सीवरशी काही संबंध नाही, हे पाणी तापवायच्या हीटरचं. स्टीलच्या टाकीच्या हीटरमध्ये टाकी गंजू नये म्हणून मॅग्नेशियमचा एक रॉड असतो, पाण्यात सल्फेट असलं आणि पाणी बरेच दिवस कोंडून राहिलं की बॅक्टेरिया वाढतात, रॉडमुळे त्यांना आणखी फावतं, आणि वास सुटतो. हीटरचा गॅस आणि वीज दोन्ही बंद करा, पाणी पूर्ण गार होऊ द्या, बाहेरचा पाणीपुरवठा बंद करून गरम पाण्याचा नळ उघडून दाब सोडा, मगच रॉड काढा, नाहीतर गरम पाणी अंगावर येईल. बहुतेक १ १/१६ इंचाचा सॉकेट पाना लागतो. खाली पांढरा गाळ निघेल तो पाण्याने धुऊन काढा. मग टाकी आणि पाइप ब्लीचच्या पातळ पाण्याने भरून काही तास ठेवा आणि वास जाईपर्यंत धुवा. परत आलाच तर ॲल्युमिनियम-झिंकचा रॉड घाला. रॉड न घालता नुसतं प्लग मात्र लावू नका, टाकी सडेल. माझ्याकडे सॉकेट आहे, शनिवारी सकाळी घेऊन जा, आईबाबांनाही आणा.