कोळशाच्या जागी छोट्या अणुभट्ट्या, अन् तेही २०३३ पर्यंत? काऊन फेकता राजेहो

एरईकाठ
काल न्यूट्रॉनभाऊनं लिहिलं का चंद्रपूर-कोराडीचे जुने कोळशाचे संच मोडीत काढा, त्याच जागेवर एसएमआर म्हनजे छोट्या अणुभट्ट्या बसवा, २०३३ पर्यंत विदर्भ धूरमुक्त, अन् जो शंका घेईल तो अडाणी. बरं, मी अडाणी. पण हिशेब तं सांगा. तमिळनाडूतल्या कल्पाक्कमच्या फास्ट ब्रीडरचं (जळतं त्याहून जास्त इंधन तयार करनाऱ्या अणुभट्टीचं) काम २००४ ले सुरू झालं, २०१० ले चालू होनार होती. कोअर लोडिंगचा, म्हनजे भट्टीत इंधन भराचा, मुहूर्त पंतप्रधानांसमोर झाला मार्च २०२४ ले. आपलेच शास्त्रज्ञ, आपलंच डिझाइन, तरी हे हाल. अमेरिकेत नुस्केल कंपनीवाल्यायनं आयडाहो राज्यात छोट्या भट्ट्यायचा गाजावाजा केला, विजेचा भाव मेगावॉट-अवरले ५८ डॉलरवरून ८९ वर गेला अन् नोव्हेंबर २०२३ ले गाशा गुंडाळला.

भट्टी फुटन का नाही हे नंतर पाहू, आधी ती उभी तं राहू द्या! तवरोक राख आमीच खायची. आमच्याकडं सकाळी गाडीच्या सीटवर बोटानं नाव लिहिता येते, मंग फडकं मारायचं अन् निंघायचं.

न्यूट्रॉन_नागपूर
अडाणी म्हटलं नव्हतं, "माहिती न घेता बोलणारे" म्हटलं होतं. असो, लागलं तर लागलं.

कल्पाक्कम आपली त्या आकाराची पहिली ब्रीडर, पहिल्याला वेळ लागतोच. रशियाची बीएन-६०० ही तशीच ब्रीडर, वितळलेल्या सोडियमनं थंड राहणारी, १९८० पासून चालू आहे. सेफ्टीचं म्हणाल तर एप्रिल १९८६ मध्ये आयडाहोत ईबीआर-२ ही प्रायोगिक ब्रीडर भट्टी पूर्ण ताकदीवर असताना मुद्दाम कूलिंगचे पंप बंद केले, आपोआप शटडाऊन होणारी यंत्रणाही अडवून ठेवली, आणि भट्टी स्वतःच थंडावली, कारण तापमान वाढलं की तिची रिअॅक्शनच मंदावते. त्याच महिन्यात चेर्नोबिल झालं म्हणून ही टेस्ट कोणाच्या लक्षातच नाही. चीनची शिदाओ बे इथली गॅसनं थंड राहणारी छोटी भट्टी डिसेंबर २०२३ पासून व्यावसायिक वीज देते. आपल्या २०२५ च्या बजेटमध्ये २०,००० कोटी ठेवलेत, २०३३ पर्यंत किमान ५ एसएमआर. अमेरिकेतल्या वायोमिंगमध्ये टेरापॉवर कंपनीने कोळशाच्या प्लांटजवळच काम सुरू केलंय, लाइन तयार, कामगार तयार. चंद्रपूरला काय वेगळं आहे?

एरईकाठ
चीनच्या त्या भट्टीचं काम २०१२ ले सुरू झालं हे काऊन नाही लिहिलं? चीनले ११ वर्षं. आपल्याले बजेटपासून ८, अन् त्यातही ५ भट्ट्या! वा रे पठ्ठे.

पऱ्हाटी_पाटील
ते वायोमिंग ठेवा बाजूले. माह्या फीडरवर थ्री फेज रातची हाय. हरभऱ्याले पानी द्याले राती टॉर्च घेऊन जा, बांधावर डुकरं, नाल्यात वाघ, पायाखाली काय ते दिसत नाही. मागच्या साली शेजारच्या पोराले साप चावला, वाचला बिचारा. तुमी म्हनता वीज अणूची का कोळशाची. मोटार तं राती १० लेच चालू होते ना? प्लांट आमच्या जिल्ह्यात, राख आमच्या जिल्ह्यात, दिवसाची लाइन पुन्या-मुंबईले.

तूरदाळ
पाटील, सौर पंप घ्या की. मी घेतला, दिवसा आरामात पाणी देतो. उगाच रडगाणं.

पऱ्हाटी_पाटील
घेतला ना बाप्पा! विहीर खोल, अन् पंप भेटला कमी हेडचा, म्हनजे कमी खोलीवरून पानी ओढनारा, वरतं पानी येते ते चिमनीच्या आंघोळीपुरतं. वादळात दोन पाट्या उडाल्या, बसवनारा फोन उचलत नाही. अन् सौर घेतला म्हनून जुनं कनेक्शन कापलं. तुमची जमीन नदीकाठी असन म्हनून आराम.

तूरदाळ
जमीन नदीकाठी नाही, कॅनॉलच्या शेपटाले आहे, जिथं पाणी कधी पोचत नाही. पंप घेताना खोली नीट मोजून सांगितली असती तर ही वेळ आली नसती. सगळं फुकट पाहिजे आणि वर मोजायचंही नाही.

पऱ्हाटी_पाटील
फुकट? माहा हिस्सा भरला मी! मोजाले आला होता तो मोटारसायकलवरून खालीही उतरला नाही, विहिरीत काय डोकावन. घरी बसून शिकवू नका.

एरईकाठ
अरे भाऊ, विषय भट्टीचा हाय.

मास्तर_वणी
विषय तोच आहे. भरवसा. माझ्या मामाचं वावर खाणीत गेलं. घरटी एक नोकरी म्हणाले होते, मामेभावाचे केस पांढरे झाले ऑफिसच्या पायऱ्या चढता चढता. उद्या तेच लोक म्हणतील भट्टी एकदम सेफ आहे, तर कसं ऐकायचं? जपानच्या मोंजू ब्रीडर भट्टीत १९९५ मध्ये सोडियम गळून आग लागली, शेवटी २०१६ मध्ये कायमची बंद करायचं ठरलं. जैतापूरला ९,९०० मेगावॉट म्हणून जमिनी घेतल्या, तिथं अजून एक भट्टी उभी नाही.

न्यूट्रॉन_नागपूर
मास्तर, अर्धंच नका सांगू. मोंजूत किरणोत्सर्ग बाहेर आला नव्हता. प्रकरण चिघळलं ते चालवणाऱ्यांनी गळतीचा व्हिडिओ दडवला म्हणून. टेक्नॉलॉजी नाही, माणसं नापास झाली.

मास्तर_वणी
मग मी वेगळं काय बोललो? भट्टी माणसंच चालवणार ना, का तीही ईबीआर-२ सारखी आपोआप?

न्यूट्रॉन_नागपूर
आणि राख काय, ती कमी मारते का? दम्याचे पेशंट मोजा एकदा. बरं, तुमच्या समाधानासाठी २०३३ चं २०३८ करतो. खूश?

एरईकाठ
एका वाक्यात ५ वर्षं वाढवली, कल्पाक्कमवाल्यायपेक्षा फास्ट हाय तुमी. राखेचं मात्र बरोबर बोलले, पहिल्यांदाच.

आता एक सांगा. महाजेनकोनं, म्हनजे राज्याच्या वीजनिर्मिती कंपनीनं, एप्रिल २०२५ ले रशियाच्या सरकारी अणुकंपनी रोसाटॉमसंग थोरियम इंधनाच्या छोट्या भट्टीसाठी सामंजस्य करार केला. त्याच महाजेनकोच्या कोराडीत ६६० मेगावॉटच्या दोन नव्या कोळशाच्या संचांची जनसुनावणी २०२३ ले झाली. असे संच २०३३ ले बंद कराले कोनी बांधते का? त्यायलेच तारखेवर भरवसा नाही, अन् आमी ठेवावा?

न्यूट्रॉन_नागपूर
मधली सोय म्हणून असतील ते. बेसलोड, म्हणजे चोवीस तास लागणारी किमान वीज, लागतेच.

एरईकाठ
मधली सोय ४० वर्षं चालते आमच्याकडं.

पऱ्हाटी_पाटील
६६० चे दोन येवो का थोरियमची येवो, आमच्या फीडरची पाळी दिवसाची होनार का, ते बोलाले कोनीच तयार नाही. अन् तूरदाळ, तुमच्या पंपाचं हेड किती हाय ते सांगाच आता.