पोटरीतला गोळा आणि एटीपी: मुलीच्या प्रश्नाचं नेमकं उत्तर हवं आहे

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात मी संध्याकाळी नववी-दहावीच्या मुलांचं विज्ञान घेते. ऊतींचा धडा चालू आहे. पट्टकी, अपट्टकी आणि हृदयाचे स्नायू हा फरक मुलांना पटकन कळला. अडलं ते पुढे.

एका मुलीनं विचारलं, "मॅडम, माह्या मायच्या पोटरीत रात्री गोळा येते, तो आपोआप काऊन सुटत नाही?" सध्या कापसाची वेचणी आहे. बाया कमरेला ओटी बांधून दिवसभर पऱ्हाटीत वाकून असतात, ओटी भरत जाते तसा पुढचा भार वाढतो. रात्री पोटरी धोंड्यासारखी होते.

मी आकुंचन समजावलं. मज्जातंतूचा संदेश आला की स्नायूतंतूच्या आत साठवलेलं कॅल्शियम सुटतं, मायोसिन या प्रथिनाच्या धाग्यांची डोकी ॲक्टिन या दुसऱ्या प्रथिनाच्या धाग्यांना धरून ओढतात. धागे स्वतः आखडत नाहीत, एकमेकांवरून सरकतात (हे १९५४ साली मांडलं गेलं). आणि पकड सोडायलाही एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) लागतं, कॅल्शियम परत आत भरायलाही लागतं. मेल्यावर शरीर ताठरतं ते एटीपी संपल्यामुळे, हेही सांगितलं.

त्यावर ती लगेच म्हणाली, "मग मायच्या पोटरीतलं एटीपी संपते का?"

मला हो म्हणवेना. एटीपी खरंच संपलं असतं, तर पायाचा पंजा नडगीकडे ओढल्यावर गोळा सुटला नसता. घरोघरी तर तो तसाच सोडवतात. म्हणून मला वाटतं, दमलेल्या स्नायूला मज्जातंतूच संदेश पाठवत राहतो आणि ताण दिल्यावर कंडरेतले (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीतले) संवेदक त्याला आवरतात. डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट किंवा शरीरक्रियाशास्त्र शिकवणारं कोणी असेल तर सांगा, हे बरोबर आहे का? घामातून जाणाऱ्या मिठाचा यात किती वाटा? ती पोरगी घरी जाऊन मायला हेच सांगणार आहे, त्यामुळे अर्धवट उत्तर मला द्यायचं नाही.

आणखी एक. शाळेत स्नायूंच्या स्लाइड नाहीत. कोंबडीचं शिजलेलं मांस सुईनं सोडवून भिंगाखाली दाखवलं. तंतूंचे जुडगे छान दिसले, पण पट्टे दिसत नाहीत. साध्या शालेय सूक्ष्मदर्शकात पट्टे दिसतील अशी स्लाइड गावातच करता येईल का? कोणता रंग वापरू?

आणि गोळे रोजच येत असतील, तर त्या माउलीला कोणती तपासणी करायला सांगू?