ऑल्टन एलिसवर अन्याय झालाच आहे

मंद्रसप्तक :
रेगे या जमैकन संगीताच्या गप्पा आपल्याकडे बॉब मार्लीपासून सुरू होतात आणि तिथेच संपतात. जमैकाची राजधानी किंग्स्टन, तिथल्या ट्रेंचटाउन वस्तीत जन्मलेला गायक ऑल्टन एलिस (१९३८–२००८) किती जणांनी ऐकलाय?

१९६६ च्या सुमारास जमैकात स्का या नाचाच्या संगीताची धावती लय मंदावली, बास गिटार पुढे आली, गाणाऱ्याला श्वास घ्यायला जागा मिळाली. हेच रॉकस्टेडी, आणि रेगे त्यातूनच निघाला. 'रॉकस्टेडी' हे नाव मिरवणारं गाणं निर्माता ड्यूक रीडच्या ट्रेझर आइल कंपनीसाठी गायलं ते ऑल्टनने.

१९६७ मध्ये त्याने दुसरा निर्माता कॉक्सन डॉड याच्या स्टुडिओ वन कंपनीसाठी 'आय'म स्टिल इन लव्ह' गायलं. कुठेही जोर नाही, नुसतं आर्जव. दहाएक वर्षांनी निर्माता जो गिब्जने तीच चाल नव्याने वाजवून मार्सिया एटकेनकडून गाऊन घेतली. त्याच ट्रॅकवर ट्रिनिटी या ठेक्यावर बोलत गाणाऱ्या कलाकाराने सुटाबुटाची बढाई मारली. त्याला उत्तर म्हणून आल्थिया आणि डॉना या दोन पोरींनी 'अपटाउन टॉप रँकिंग' केलं आणि १९७८ मध्ये ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. पुढे शॉन पॉलनेही ऑल्टनचं तेच 'आय'म स्टिल इन लव्ह' जगभर गाजवलं. बास सगळ्यांना पाठ, मूळ गायकाचं नाव कोणाला नको. माझ्या मते ही लूट आहे.

दादरकर :
असहमत. जमैकात एका रिडिमवर, म्हणजे बास आणि ड्रमच्या एकाच तयार चालीवर, पन्नास जण गातात, ती तिथली रीतच आहे. आपल्याकडे एका चालीवर किती अभंग म्हणतात, त्याला कोणी चोरी म्हणतं का? उलट याच रीतीमुळे ऑल्टन आजही वाजतोय. जमैका सरकारने १९९४ मध्ये त्याला 'ऑर्डर ऑफ डिस्टिंक्शन' दिला. आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तो आधी कॅनडात, मग इंग्लंडात गेला. मार्लीचा 'कॅच अ फायर' हा अल्बम आला १९७३ मध्ये. रेगेकडे जगाचं लक्ष वळत होतं, नेमका तेव्हा हा किंग्स्टनमध्ये नव्हता.

मंद्रसप्तक :
दादरकर, अभंगाची चाल कोणी कंपनीच्या नावावर विकत नव्हतं. इथे गायकाच्या हातावर ठरावीक रक्कम टेकवायची आणि पुढचं सगळं निर्मात्याचं, असाच खाक्या होता. १९९३ पर्यंत जमैकात कॉपीराइटसाठी ब्रिटिशांचा १९११ चा कायदाच चालू होता. १९६७ मध्ये गायलेल्या माणसाला तेव्हा कोणता आधार होता? घरी पैसा नसेल तर माणूस देश सोडणारच. सरकारी सन्मानाने पोट भरत नाही.

दादरकर :
कायद्याचा मुद्दा मान्य. पण मग लुटले गेलेले सगळेच गायक, एकटा ऑल्टन नाही. त्याला वेगळं काढायचं तर गाण्यावरून काढा. 'रूड बॉय' म्हणवणाऱ्या गुंड पोरांच्या टोळ्यांचा दरारा असताना 'डान्स क्रॅशर'मध्ये त्याने गुंडांना सरळ सुनावलं की नाचात येऊन राडा करू नका. त्या काळात इतर अनेक गायक त्याच पोरांच्या कौतुकाची गाणी गात होते. या धाडसाबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही.

शुभ्रा_के :
दोघांनाही त्याची सख्खी बहीण आठवली नाही. हॉर्टेन्स एलिस! भावाच्या 'आय'म जस्ट अ गाय'ला तिचं 'आय'म जस्ट अ गर्ल' आहे, दोन्ही पाठोपाठ ऐका. आवाजात ती तसूभर कमी नाही. ऑल्टनला निदान 'रॉकस्टेडीचा गॉडफादर' म्हणतात, हिला काय म्हणतात? उपेक्षेवर भांडायचंच असेल तर आधी तिच्यासाठी भांडा.

मंद्रसप्तक :
शुभ्राताई, हॉर्टेन्ससाठी वेगळा धागा काढा, मी येतो भांडायला. पण म्हणून ऑल्टनला जे देणं लागतं ते माफ होत नाही.