रिस्क रजिस्टर बंद करा, चावीवाल्याला विचारा

खाडीपलीकडचा (कळवा)
आमच्या बांधकामाच्या दर महिन्याच्या रिव्ह्यूत रिस्क रजिस्टर नावाचा, पुढचे धोके लिहायचा एक तक्ता असतो. त्यातल्या पहिल्या तीन ओळी ठरलेल्या: अतिवृष्टी, मजूरटंचाई, मालाची दरवाढ. मागच्या टेंडरमधून उचललेल्या, आणि त्या टेंडरवाल्याने त्याच्या मागच्यातून. सगळे माना हलवतात, मिनिट्समध्ये 'नोंद घेतली' येतं, मग चहा येतो.

काम अडतं ते भलतीकडेच. वागळे इस्टेट घ्या नाहीतर ठाणे-बेलापूर पट्ट्यातली टीटीसी, साठच्या दशकातल्या औद्योगिक वसाहती या. पाच फूट खणलं की नकाशात नसलेली पाण्याची लाइन लागते, नाहीतर जिवंत की मेलेली हे कुणालाच माहीत नाही अशी केबल. त्या भागातल्या चावीवाल्याला मात्र लाइन कुठे वळते ते पाठ असतं, कारण तिथले व्हॉल्व्ह रोज तोच फिरवतो. त्याला मीटिंगला कोण बोलावतंय?

पुढचा धोका ओळखायला दूरदृष्टीबिष्टी लागत नाही, असं माझं मत. तो बहुतेक वेळा कुणाला तरी आधीच माहीत असतो. ज्याला माहीत आहे तो तक्ता भरत नाही आणि जो भरतो त्याला माहीत नसतं. तेव्हा रजिस्टर बंद करा. तो वेळ मुकादम, लाइनमन, चावीवाला यांच्याशी बोलण्यात आणि ट्रायल पिट, म्हणजे कामाआधी चाचणीचे खड्डे, घेण्यात घालवा. पटत नसेल तर का, ते सांगा.

कागदवाली (घणसोली)
नाही पटत. तुमचा चावीवाला उद्या निवृत्त झाला की काय करणार?

रजिस्टर वाईट नाही, तुमच्याकडे ते वाईट लिहिलं जातंय. 'अतिवृष्टी' ही रिस्कच नाही. ठाणे जिल्ह्यात पाऊस येणार हे ठरलेलं आहे, त्याची जागा वेळापत्रकात. पावसाळ्यात महापालिका रस्ता खोदू देत नाही, हेही सगळ्यांना ठाऊक. मग लिहा असं: 'केबल हलवायची परवानगी मार्चअखेर आली नाही, तर रस्ता ओलांडणारा चर मेअखेर बुजवता येणार नाही आणि काम ऑक्टोबरवर जाईल.' समोर एका माणसाचं नाव. असं लिहिलं की १ एप्रिलला त्याला गाठून विचारता येतं. 'अतिवृष्टी'ला कोणत्या तारखेला काय विचारणार?

आणि जे घडून गेलंय ते या यादीत नको. ती अडचण, तिची यादी वेगळी. मी पाहिलेल्या बऱ्याच रजिस्टरांत निम्म्या ओळी शिळ्या असतात.

खाडीपलीकडचा
वाक्य झकास आहे. पण 'समोर एका माणसाचं नाव' इथेच तर गोम आहे! जो धोका दाखवतो त्याच्याच नावावर ती ओळ चढते. मग दर रिव्ह्यूला, 'काय हो, तुमच्या केबलचं काय झालं?' एकदा हे सोसलं की पुढच्या वेळी दिसत असूनही माणूस तोंड उघडत नाही.

जुनापूल (कोपरी, निवृत्त)
धोका ओळखणं अवघड आहे हे तुम्हा दोघांना कुणी सांगितलं? ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका बघा. पायाभरणी २००८, मुदत २०१५, लोकार्पण फेब्रुवारी २०२२. रुळांना खेटून असलेली वस्ती, चालू लोकलमधून काढायचे मेगाब्लॉक, हे कळव्या-मुंब्र्यातल्या शाळकरी पोरालाही दिसत होतं. नवी मुंबई विमानतळाचं तेच. उलव्याची टेकडी कापायची, नदी वळवायची, उच्चदाबाच्या वीजवाहिन्या हलवायच्या, दहा गावं उठवायची. २०१० ला पर्यावरण मंजुरी मिळाली तेव्हा यातलं काय गुपित होतं? उद्घाटन झालं ऑक्टोबर २०२५ मध्ये.

अडतं ते अधिकार आणि पैशापाशी. साइट इंजिनिअर रजिस्टरात 'पुनर्वसन' लिहून काय दिवे लावणार?

शुक्रवारचा_रिलीज (ऐरोली)
काका, तुम्ही दिसणाऱ्या चार गोष्टी निवडून सांगितल्यात. २०१७ ला बोली जिंकणाऱ्या जीव्हीके कंपनीकडून २०२१ मध्ये विमानतळ अदाणींकडे जाईल आणि मध्ये कोविड येईल, हे कुणाच्या यादीत होतं?

मी सॉफ्टवेअरवाला. गप्प बसणाऱ्या माणसावर आमच्याकडे एक तोडगा चालतो, प्रीमॉर्टेम. गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञाने २००७ मध्ये 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'त मांडला होता. काम सुरू व्हायच्या आधीच प्रकल्प साफ फसलाय असं धरायचं आणि तो का फसला हे प्रत्येकाने एकट्याने लिहून काढायचं. चिठ्ठीवर नाव नको, ही आमची भर. आमच्यात बऱ्याच चिठ्ठ्यांवर एकच गोष्ट निघाली: पेमेंटचा भाग एकाच मुलाला येतो आणि एप्रिलचं इन्क्रिमेंट हातात पडलं की तो राजीनामा देणार. तोंडावर हे कुणीही बोललं नसतं. लगेच दुसरीला त्याच्यासोबत बसवलं.

तो अजून गेलेला नाही. आता मॅनेजर म्हणतो, उगाच घाबरवलंत. घ्या!

कागदवाली
चिठ्ठ्या मान्य. पण ढीगभर चिठ्ठ्यांतून दहा निवडायला शेवटी तोच पाच बाय पाचचा रंगीत चौकोन काढणार ना? शक्यता ३, परिणाम ५, गुणाकार १५, रंग लाल. तीनच का, दोन का नाही? क्लायंटपुढे जायच्या आदल्या संध्याकाळी तिनाचे दोन होतात आणि लाल पिवळा होतो. मी कागदाच्या बाजूची आहे, रंगकामाच्या नाही.

त्यापेक्षा आधी झालेली तशीच कामं बघा. कानमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच दाखवलं होतं की आपल्या कामाचा अंदाज आपण आपल्याच योजनेकडे बघून बांधतो, म्हणून तो नेहमी गोड येतो. इतरांना प्रत्यक्षात किती वेळ लागला, तिथून सुरुवात करा. नवी मुंबई मेट्रोची पहिली मार्गिका, बेलापूर ते पेंधर, ११ किलोमीटर: काम सुरू २०११, प्रवासी चढले नोव्हेंबर २०२३ मध्ये.

जुनापूल
ताई, पुढच्या मार्गिकेच्या डीपीआरमध्ये, म्हणजे मंजुरीच्या प्रकल्प अहवालात, बारा वर्षं लिहून बघा. फाइल टेबलावरून उठणार नाही.

कागदवाली
म्हणून पाच लिहायची, मंजुरी घ्यायची आणि वाढीव खर्च मागाहून मागायचा? याला रिस्क मॅनेजमेंट म्हणतात?

जुनापूल
कोण म्हणतंय? पण कामं अशीच उभी राहिली आहेत. सगळे धोके पहिल्या दिवशी मांडले असते तर तुमची घणसोली आज खाजण असती.

सेक्रेटरी_नाइलाजाने (नौपाडा)
मोठ्यांच्या चर्चेत लहान तोंडी. आमची सोसायटी पुनर्विकासाला चालली आहे. मला एकच रिस्क दिसते: घरं खाली केल्यावर विकासकाने आम्हाला द्यायचं भाडं थांबवलं तर? कमिटी म्हणते, हे पत्रात लिहू नका, तो बिथरेल.

खाडीपलीकडचा
पत्र राहू द्या. त्याची चालू साइट कुठे आहे ते शोधा आणि तिथले सभासद भाड्याने राहतात त्यांना गाठा. भाडं कधी जमा होतं, एका प्रश्नात कळेल.

कागदवाली
विचारा, पण लेखीही घ्या. सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९अ खालच्या शासन निर्देशांत प्रकल्पखर्चाच्या २० टक्के बँक हमीची तरतूद आहे, ती मागा. करारात भाड्याची तारीख घाला, आणि ती चुकली तर कितव्या दिवशी कुणी नोटीस द्यायची तेही.

जुनापूल
आणि हे सह्या व्हायच्या आत. नंतर तुमचं कोण ऐकतो? इथे मी ताईंच्या बाजूने, लिहून ठेवा.

सेक्रेटरी_नाइलाजाने
भाडं घेणाऱ्यांना या आठवड्यात भेटतो. रविवारी कमिटी आहे. बँक हमीचा विषय काढला की चेअरमन उठून जाणार, ही रिस्क कुणाच्या नावावर लिहू?