मदत हवी आहे: ३ ते ५ वर्षांच्या मुलांवर फॉल्स बिलीफ टास्क, अभ्यासाची रचना आणि गुणांकन

पाटीपेन्सिल:
एम.ए.च्या प्रबंधासाठी ३ ते ५ या वयात 'दुसऱ्याची समजूत चुकीची असू शकते' हे मुलांना कधी उमगतं ते बघायचं आहे. सध्याचा आराखडा असा: ३, ४ आणि ५ वर्षांचे तीन गट, प्रत्येकी २० मुलं, प्रत्येक मुलाला सॅली-ॲनची गोष्ट एकदा (सॅली चेंडू एका डब्यात ठेवून बाहेर जाते, ॲन तो दुसऱ्या डब्यात हलवते; मग मुलाला विचारायचं, 'सॅली चेंडू कुठे शोधेल?'). उत्तर बरोबर असेल तर १, चूक असेल तर ०, मग तीन गटांची काय-वर्ग (chi-square) चाचणीने तुलना. पायलटमध्येच, म्हणजे आधीच्या छोट्या चाचणीत, अडचणी दिसल्या. काही मुलं दोन्ही डब्यांकडे बोट दाखवतात, काही गप्प बसतात, तर काहींचा 'चेंडू आधी कुठे होता' हा साधा प्रश्नही चुकतो. अशा मुलांना ० द्यायचा की वगळायचं? शिवाय गाईड विचारतात, लाँजिट्युडिनल (तीच मुलं काही काळाने पुन्हा तपासायची) का नाही? मुदत एका वर्षाची आहे.

गणिती_घुबड:
सगळ्यात कच्चा दुवा 'गोष्ट एकदा' हाच आहे. डबे दोन, म्हणजे काहीही न कळता बोट ठेवलं तरी निम्म्या वेळा बरोबर येणार. दोन गोष्टी सांगितल्या तर दोन्ही नुसत्या अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता २५ टक्के, चार सांगितल्या तर चारही बरोबर येण्याची ६.२५ टक्के. पण 'चारपैकी तीन म्हणजे पास' असं ठरवलंत तर अंदाजाने पास होण्याची शक्यता लगेच ३१.२५ टक्क्यांवर जाते. त्यामुळे पासची रेषा कुठे ओढणार ते आकडे हाती येण्याआधी लिहून ठेवा. माझा सल्ला: चार टास्क घ्या. दोन जागा-बदलाचे, दोन 'डब्यात भलतंच निघालं' या प्रकारचे (ओळखीच्या डब्यात अनपेक्षित वस्तू निघते, मग 'न बघितलेल्याला आत काय आहे असं वाटेल?' हे विचारायचं).

दुसरं म्हणजे वयाचे गट काढून टाका. ३ वर्षं १ महिना आणि ३ वर्षं ११ महिने ही मुलं तुमच्याकडे एकाच गटात बसतात, आणि नेमका बदल होतो तो याच वर्षात. वेलमन, क्रॉस आणि वॉटसन यांच्या २००१ च्या मेटा-ॲनालिसिसमध्ये (अनेक अभ्यासांचे निकाल एकत्र करून केलेल्या विश्लेषणात) १७८ अभ्यास होते. त्यात मुलं सरासरी ४४ महिन्यांच्या आसपास निम्मी उत्तरं बरोबर देण्याच्या टप्प्यावर येतात. तेव्हा वय महिन्यांत नोंदवा आणि मुलं वयावर सारखी पसरवून घ्या. ३६ ते ६५ हे ३० महिने आहेत, वयाच्या दर महिन्याची २ मुलं घेतली तरी संख्या ६० च राहते. विश्लेषण लॉजिस्टिक रिग्रेशनने (बरोबर उत्तराची शक्यता वयानुसार कशी बदलते ते काढणाऱ्या पद्धतीने) करा, आणि एकाच मुलाची चार उत्तरं एकमेकांशी निगडित असतात म्हणून मुलागणिक रँडम इंटरसेप्ट ठेवा, म्हणजे प्रत्येक मुलाची स्वतःची पातळी वेगळी धरली जाते. काय-वर्ग चाचणी इथे चालणार नाही. तिला प्रत्येक नोंद स्वतंत्र लागते.

ओसरी:
गुणांकनाआधी प्रयोगाची पद्धत नीट बसवा, निम्मे घोळ तिथेच असतात.

डबे आकाराने सारखे, रंगाने वेगळे, झाकणाचे, मुलापासून सारख्याच अंतरावर ठेवा. अर्ध्या मुलांसाठी बरोबर उत्तर डावीकडे, अर्ध्यांसाठी उजवीकडे, कारण एकाच बाजूला बोट दाखवायची सवय या वयात बरीच दिसते. प्रश्न विचारताना तुमची नजर मुलाच्या चेहऱ्यावर असू द्या, हात मांडीवर. चेंडू असलेल्या डब्याकडे ओझरतं पाहिलंत तरी मूल ते टिपतं.

क्रमही महत्त्वाचा. सुरुवातीला बाहुल्यांची ओळख तपासा: 'यातली सॅली कोणती?' गोष्ट झाली की आधी मुख्य प्रश्न, मग 'चेंडू आत्ता खरा कुठे आहे?' आणि शेवटी 'सॅलीने सुरुवातीला कुठे ठेवला होता?' खऱ्या जागेचा प्रश्न आधी विचारलात तर तीच जागा मुलाच्या तोंडी बसते आणि पुढचं उत्तर त्याच डब्याकडे ओढलं जातं.

मुख्य प्रश्न सगळ्यांना अक्षरशः एकाच शब्दांत जायला हवा. 'सॅलीने कुठे शोधायला हवं?' असं चुकूनही नको. त्यावर मूल सॅलीला मदत म्हणून खरी जागा सांगतं, आणि ते उत्तर त्या प्रश्नाला बरोबरच असतं. 'कुठे शोधेल?' की 'सगळ्यात आधी कुठे शोधेल?' हेही आधीच ठरवा. सीगल आणि बीटी यांनी १९९१ मध्ये दाखवलं की 'आधी' घातल्यावर तीन वर्षांच्या मुलांची उत्तरं सुधारतात. दोन्ही चालतील, सरमिसळ नको.

गप्प बसलेल्या मुलासाठी दहा सेकंद थांबा, एकदाच पुन्हा विचारा. दोन्हींकडे बोट दाखवलं तर 'एकच दाखव' म्हणा. तिसऱ्यांदा विचारू नका. आणि मूल बोललं असेल तर दुसऱ्यांदासुद्धा नाही. मोठ्या माणसाने तोच प्रश्न परत विचारला की 'माझं चुकलं असणार' असं वाटून मूल उत्तर फिरवतं. मानसशास्त्रज्ञ पियाजेच्या कॉन्झर्व्हेशन प्रयोगांवरचा (आकार किंवा मांडणी बदलली तरी प्रमाण तेच राहतं हे मुलाला कळतं का, हे बदलाआधी आणि नंतर विचारायचे) मोठा आक्षेप हाच होता. रोझ आणि ब्लँक यांनी १९७४ मध्ये, पुढे सॅम्युएल आणि ब्रायंट यांनी १९८४ मध्ये ५ ते ८ वर्षांच्या २५२ मुलांवर, बदलानंतर एकदाच प्रश्न विचारला तर चुका कमी होतात हे दाखवलं.

कंट्रोल प्रश्न (गोष्ट लक्षात आहे का ते बघणारे शेवटचे दोन) चुकला तर गोष्ट एकदा पुन्हा सांगा. तरीही चुकला तर ती ट्रायल (त्या गोष्टीची फेरी) वगळा, ० देऊ नका. ज्याला गोष्टच लक्षात राहिली नाही त्याला सॅलीचं मन कळत नाही, असं तुम्ही कशावरून म्हणणार? मात्र वगळलेल्या ट्रायल वयानुसार किती ते कोष्टकात द्या, आणि त्यांना ० धरून विश्लेषण परत चालवून पाहा. दोन्हींत निष्कर्ष वेगळा येत असेल तर तो निष्कर्ष नाही.

डब्याच्या टास्कमध्ये एक अट विसरू नका: डबा उघडण्याआधी मुलाने स्वतःहून अपेक्षित वस्तूचं नाव घेतलं पाहिजे. 'माहीत नाही' म्हणालं तर पुढे चुकीची समजूत तयारच होत नाही, ट्रायल बाद.

उलट_तपासणी:
वरचं सगळं मान्य, पण एक मुद्दा राहतोय. तीन वर्षांची मुलं अंदाजाने बोट ठेवत नाहीत. ती ठामपणे चेंडूच्या खऱ्या जागेकडे दाखवतात. म्हणजे त्यांचे गुण ५० टक्क्यांच्या आसपास नाही, त्याच्या बरेच खाली येतात. त्यामुळे फक्त 'कोण पास' हे मोजून थांबू नका, ५० टक्क्यांशी दोन्ही बाजूंनी तुलना करा. २० मुलं, एकच टास्क असं धरलं तर १५ किंवा जास्त बरोबर आली तरच 'अंदाजापेक्षा वर' म्हणता येतं, ५ किंवा कमी आली तर 'अंदाजापेक्षा खाली'. मधल्या आकड्यावरून काहीच ठाम म्हणता येत नाही. सिद्धान्ताच्या दृष्टीने खालची बाजू जास्त बोलकी आहे: मूल गोंधळलेलं नाही, त्याच्याकडे नियम आहे, फक्त तो वेगळा आहे.

म्हणूनच एक ट्रायल अशी घाला ज्यात सॅली खोलीतच असते आणि चेंडू हलवलेला तिला दिसतो. 'पहिला डबा दाखवायचा' एवढंच सूत्र पकडलेलं मूल मुख्य टास्क सहज पास होतं आणि इथे सापडतं. गंमत म्हणजे चार-पाच वर्षांची काही मुलंही या सोप्या ट्रायलवर अडखळतात. त्याचा अर्थ काय यावर अजून वाद आहे, पण चर्चेच्या प्रकरणात तो मुद्दा यायला हवा.

भाषा आणि स्वतःला आवरण्याची क्षमता, दोन्ही मोजा. शब्दसंग्रहाची एखादी चाचणी आणि दिवस-रात्र टास्क (सूर्याच्या चित्रावर 'रात्र' म्हणायचं, चंद्राच्या चित्रावर 'दिवस', १६ वेळा) पुरेत. नाहीतर 'वय वाढलं म्हणून समज आली' की 'वय वाढलं म्हणून खऱ्या जागेकडे जाणारं बोट आवरता आलं' हे वेगळं काढता येणार नाही. ओनिशी आणि बायार्जों यांच्या २००५ च्या प्रयोगात १५ महिन्यांची बाळंही नजरेतून अशी समज असल्यासारखं दाखवतात, पण अशा प्रयोगांचे निकाल पुन्हा मिळवताना सगळ्यांना सारखं यश आलेलं नाही. प्रस्तावनेत दोन्ही बाजू मांडा.

चौथी_मिती:
लाँजिट्युडिनलबद्दल. गाईडचा मुद्दा रास्त आहे. क्रॉस-सेक्शनलमध्ये (वेगवेगळ्या वयांची मुलं, प्रत्येकी एकदाच) वयाचा आलेख गुळगुळीत चढताना दिसतो, पण एकेक मूल एका झटक्यात बदलत असेल तरी सरासरी तशीच दिसेल. एका वर्षात बसणारा मधला मार्ग आहे: ३६, ४२ आणि ४८ महिन्यांचे तीन गट घ्या आणि प्रत्येकाला सहा महिन्यांनी पुन्हा भेटा. पहिला गट ४२ ला पोचतो, दुसरा ४८ ला, तिसरा ५४ ला. ४२ महिन्यांची पहिल्यांदा भेटलेली मुलं आणि ४२ महिन्यांची दुसऱ्यांदा भेटलेली मुलं यांच्यात फरक आला तर त्यात सरावाचा हात आहे, हे हिशेबात उघड दिसतं. गळती धरून २० हवी असतील तर २५ घ्या, आणि दुसऱ्या फेरीला बाहुल्या, वस्तू, डबे सगळं बदला.

गणिती_घुबड:
@चौथी_मिती, रचना सुंदर आहे, पण म्हणजे १३५ च्या आसपास सत्रं. एकट्या विद्यार्थ्याला, पालकांची लेखी संमती, मुलाचा तोंडी होकार आणि झोपेची-जेवणाची वेळ सांभाळून हे जड जाईल. माझं मत अजूनही वयाच्या दर महिन्याची २, अशा एकूण ६० मुलांच्या बाजूने.

पाटीपेन्सिल:
वयाच्या दर महिन्याची २ मुलं असंच करते. दोन शंका. चित्रण करणार आहे, तर दुसऱ्या व्यक्तीकडून किती तपासून घ्यायचं? आणि ३६-३८ महिन्यांची बरीच मुलं कंट्रोल प्रश्नावरच गळाली तर?

ओसरी:
सत्रांपैकी २० ते २५ टक्के, सगळ्या वयांतून निवडलेली, आणि तपासणाऱ्याला वय माहीत नको. नुसती टक्केवारी देऊ नका, कप्पा (kappa, योगायोगाने होणारं एकमत वजा करून काढलेला एकमताचा आकडा) द्या. मोठी मुलं जवळपास सगळी पास होतात, तिथे दोघांनी डोळे मिटून '१' लिहिलं तरी १०० टक्के एकमत दिसेल.

लहान मुलांसाठी गोष्टीतली वाक्यं कमी करा, चेंडू मुलालाच हलवू द्या. आणि सॅलीला टेबलाखाली लपवू नका, काही मुलांना ती तिथून बघतेय असं वाटतं. तिला मुलाच्या डोळ्यांदेखत दाराबाहेर नेऊन ठेवा, दार लावा आणि मगच चेंडूला हात लावू द्या.