दुसऱ्याच्या साइटचा कोड आणि मजकूर उचलला तर कायदा कुठे आडवा येतो?

महालकर
नागपूरच्या इतवारीतल्या एका मसाल्याच्या दुकानाची साइट करून द्यायची आहे. मालकांनी बाहेरगावच्या एका मसालेवाल्याची साइट दाखवून "हुबेहूब अशीच पाहिजे" म्हटलं. चार शंका आहेत. ब्राउझरमध्ये पानाचा सोर्स (मूळ कोड) सगळ्यांनाच दिसतो, मग तो घेतला तर बेकायदा कसा? मजकूर तीस टक्के बदलला की चालतो म्हणतात, खरं का? गूगलवर सापडलेले फोटो वापरता येतात का? आणि साइट झाल्यावर कोड कोणाचा, माझा की मालकांचा?

अर्धविराम
दिसतो म्हणून मोकळा होत नाही भाऊ. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम २(ओ) प्रमाणे कॉम्प्युटर प्रोग्राम हा साहित्यकृतीतच धरला जातो. लिहिला त्या क्षणापासून हक्क लागू. खाली वर्तुळातला 'सी' नसला, नोंदणी नसली, तरी फरक पडत नाही.

पण "हुबेहूब" म्हणजे काय ते मालकांकडून आधी नीट काढून घ्या. वर मेनू, डावीकडे फिल्टर, मध्ये तीन रांगांत पाकिटं, कोपऱ्यात टोपली, ही रचना कोणाच्या बापाची नाही. ती बघायची, टॅब बंद करायचा आणि एचटीएमएल-सीएसएस (पानाच्या सांगाड्याचा आणि सजावटीचा कोड) स्वतः लिहायचं. रंग, लोगो, बॅनर सगळंच इतकं जुळवलं की गिऱ्हाईक दोन दुकानांत गोंधळेल, तर मात्र प्रकरण कॉपीराइटवरून ट्रेडमार्कवर जातं.

एचटीट्रॅकने (साइट कॉपी करणारं सॉफ्टवेअर) अख्खी साइट उतरवून नावं बदलणारे पकडले कसे जातात, तेही सांगतो. पानाच्या कोडच्या हेडमध्ये (वरच्या भागात) मूळ साइटचा कॅनॉनिकल टॅग तसाच राहतो, म्हणजे गूगलला तुम्हीच सांगता की अस्सल पान तिकडे आहे. अ‍ॅनालिटिक्सचा (भेटी मोजणाऱ्या सेवेचा) आयडी राहिला तर तुमची भेट देणारी माणसं त्यांच्या रिपोर्टमध्ये दिसतात, तुमच्या डोमेनच्या नावासकट. फोटोंचे पत्ते त्यांच्याच सर्व्हरचे राहिले तर त्यांच्या लॉगमध्ये (नोंदवहीत) रेफरर, म्हणजे मागणी कुठल्या साइटवरून आली ते, उमटतो. चोरीची पावती आपणच फाडून देतो म्हणायची.

खुला कोड घ्या. बूटस्ट्रॅप, जेक्वेरी (साइटसाठीचे तयार कोडसंच) एमआयटी लायसन्सवर आहेत: धंद्यासाठी वापरा, बदला, फक्त कॉपीराइटची ओळ आणि लायसन्सचा मजकूर ठेवा. इथेच चूक होते, कारण मिनिफायर (कोड आटवून छोटा करणारं साधन) सगळ्या कॉमेंट उडवतो. तारकेनंतर उद्गारचिन्ह दिलेली कॉमेंट बहुतेक मिनिफायर राखतात, सेटिंग तपासा. वर्डप्रेस (साइट बनवायचं तयार सॉफ्टवेअर) जीपीएल या लायसन्सवर आहे. त्यावर बेतलेलं प्लगइन (जोड-सॉफ्टवेअर) मालकांच्या हवाली केलं की ते वितरण झालं, सोर्स आणि तेच लायसन्स सोबत द्यावं लागतं. विकतच्या थीममध्ये (साइटच्या तयार रूपड्यात) पीएचपी (सर्व्हरवर चालणारा कोड) जीपीएल आणि सीएसएस, चित्रं वेगळ्या लायसन्सवर असंही असतं. 'नल्ड' (लायसन्स तोडून वाटलेल्या) थीमच्या वाटेला जाऊ नका. लायसन्सचं राहू द्या, त्यात मागचा दरवाजा ठेवलेला असू शकतो.

कलमबहाद्दर
तीस टक्क्यांची गोष्ट कायद्यात कुठेच नाही. टक्के कोणी मोजत नाही. सर्वोच्च न्यायालयाने आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स (१९७८) मध्ये सांगितलेली कसोटी अशी: कल्पनेवर हक्क नाही, ती ज्या शब्दांत-चित्रांत मांडली त्यावर आहे, आणि दोन्ही कृती पाहणाऱ्याला दुसरी ही पहिलीची नक्कल वाटते का, ते बघायचं. शब्दांच्या जागा फिरवून नक्कल लपत नाही.

सावजी मसाल्यात काय काय पडतं ती यादी, वजन, भाव हे तथ्य आहे, घ्या. "खसखस मंद आचेवर भाजून" असं रंगवून लिहिलेलं वर्णन त्यांचं. कलम ५२ मधली सूट खासगी वापर, संशोधन, टीका, समीक्षण, चालू घडामोडींचं वार्तांकन यांसाठी आहे. दुकानाच्या पानाला ती लागत नाही. राजपत्रातला मजकूर आणि न्यायनिवाडे सहसा देता येतात.

शिक्षा कलम ६३ खाली: सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड. "गिऱ्हाइकाने सांगितलं म्हणून केलं" हा बचाव तुम्हाला वाचवणार नाही.

धरमपेठ_फोटो
गूगल फोटोंचा मालक नाही, नुसता दाखवतो. शोधताना 'वापराचे हक्क' हा फिल्टर लावा, मग मूळ पानावर जाऊन लायसन्स वाचा. क्रिएटिव्ह कॉमन्समध्ये (अटींवर वापरू देणारी लायसन्सं) 'एनसी' (धंद्यासाठी नाही) दिसलं की दुकानाला बाद. 'एनडी' (बदल नको) असेल तर कापछाट केलेला फोटो टाकता येत नाही. 'बीवाय' (श्रेय द्या) असेल तर छायाचित्रकाराचं नाव, मूळ दुवा आणि लायसन्सचं नाव फोटोजवळ द्या. मसाल्याची दहा-बारा पाकिटं खिडकीच्या उजेडात पांढऱ्या कार्डशीटवर काढायला अर्धा दिवस पुरतो, मग कशाला भानगड?

महालकर
कोडचं राहिलं. मालकांनी पूर्ण पैसे दिले तर तो त्यांचाच ना?

कलमबहाद्दर
नाही. इथेच दोन्ही बाजू फसतात. कलम १७ प्रमाणे पगारी नोकराने कामाचा भाग म्हणून लिहिलेला कोड मालकाचा. बाहेरून ठेक्यावर काम करणाऱ्याचा कोड मात्र लेखी असाइनमेंट (हक्क सोपवण्याचा करार) होईपर्यंत त्याचाच. पैसे दिल्याने वापरायची मुभा मिळाली असं फार तर धरता येईल. फोटोचं उलट: मोबदला देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक काढवून घेणारा, वेगळा करार नसेल तर.

असाइनमेंटमध्ये मुदत आणि प्रदेश लिहिलाच पाहिजे. कलम १९ प्रमाणे मुदत नसेल तर पाच वर्षं आणि प्रदेश नसेल तर फक्त भारत धरला जातो. वर्षभरात हक्क वापरला नाही तर तो परतही जातो. म्हणून "संपूर्ण मुदतीसाठी, जगभर, वर्षभर न वापरल्यास परत जाणार नाही" असे शब्द घाला, खाली तुमची सही. तुमची जुनी फंक्शनं, जी तुम्ही दुसऱ्या कामातही वापरता, ती त्यातून वगळा आणि त्यांचा नुसता परवाना द्या.

अर्धविराम
आणि उद्या तुमचीच साइट कोणी उचलली, तर पहिलं काम फोन करून भांडणं नाही. ते सावध होऊन पान बदलतात. आधी वेबॅक मशीनमध्ये (जुनी पानं जपणारी साइट) त्यांचं पान साठवा, स्क्रीनशॉट आणि एचटीएमएल फाइल उतरवा, फाइलचा एसएचए-२५६ हॅश (फाइलचा बोटांचा ठसा म्हणावा असा आकडा) काढा. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ च्या (इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या) प्रमाणपत्रात हॅश लागतो. आपल्या बाजूने गिटचे (कोडचा इतिहास ठेवणारं साधन) कमिट आणि फोटोंच्या मूळ फाइल. मग होस्टिंग कंपनीला नोटीस; होस्ट अमेरिकेतला असेल तर डीएमसीएची (तिथला कॉपीराइट कायदा).

कलमबहाद्दर
एक भर. दावा लावायचा झाला तर कॉपीराइट कायद्याच्या कलम ६२ मुळे, तुमचं दुकान इथे असल्याने, नागपूरच्या जिल्हा न्यायालयात लावता येतो, समोरच्याच्या गावी पळावं लागत नाही. दाव्याची किंमत ३ लाख वा अधिक असेल आणि तातडीचा मनाई हुकूम मागत नसाल, तर आधी मध्यस्थी सक्तीची आहे. कॉपीराइटची नोंदणी करायची तर अख्ख्या साइटची एका अर्जात होत नाही. कोडचा अर्ज वेगळा, फोटोंचा वेगळा. कोडसाठी पहिली दहा आणि शेवटची दहा पानं द्यायची, काहीही काळं न करता. पासवर्ड, एपीआयच्या (दुसऱ्या सेवांशी जोडणाऱ्या) चाव्या त्या पानांत राहिलेल्या नाहीत ना, तेवढं पाहून घ्या.